कोपऱ्यातला उंट

तवनाप्पा मगदूमला हरायची सवय होती. गप्प बसून हरायची मात्र नव्हती. डाव गेला की सोंगट्या डब्यात अशा आपटायचा की भिंतीवर टांगलेले ढोल आपोआप घुमायचे. ढोल होतेच तिथं. मिरजेत सदा होवाळचा ब्रास बँड आहे, त्याच्या तालमीच्या खोलीतच ह्या मंडळींचा बुद्धिबळाचा अड्डा. लग्नसराई संपली की कर्णे पिशव्यांत जायचे आणि पट बाहेर यायचे.

अड्ड्याचा कायदा एकच. बघणाऱ्यानं बोलायचं नाही. 'अरे, हत्ती जातोय बघ,' एवढं जरी कुणाच्या तोंडातून निसटलं तरी खोलीतल्या सगळ्यांचा चहा त्याच्यावर. खेळणाऱ्यांनाही तेच. पटावर समोरच्याची चूक दिसली तर ओठ शिवायचे. डाव संपल्यावर काय बोंबलायचं ते बोंबला.

गणपती झाले की सदा मास्तर स्पर्धा घ्यायचा. ढाल नाही, कप नाही. जो जिंकेल त्याच्या मापाचा लाल कोट शिवायचा, बँडवाल्यांचा असतो तसा, सोनेरी झालरीचा. पुढच्या रविवारी तो कोट घालून त्याला वाजतगाजत घरी सोडायचं. आणि फायनल हरलेल्यानं आपल्या हातानं तो कोट जिंकलेल्याच्या अंगात घालायचा. कोट शिवायचा गौस मुजावर. बँडचे सगळे कोट त्याच्याच मशीनवरचे. गंमत अशी की बहुतेक साली जिंकायचाही गौसच, त्यामुळं स्वतःच स्वतःचं माप घ्यायचा आणि म्हणायचा, "गिऱ्हाईक चांगलं आहे, उधारी नाही."

तवनाप्पाला तो कोट पाहिजे होता. साठी ओलांडली होती. एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म इंजिनाखाली पाठीवर पडून गेला. शाळा पाचवीपर्यंत. वाजतगाजत त्याला कुणी कुठंच नेलं नव्हतं. लग्नातसुद्धा घोडं अडलं आणि पायी गेला होता. एकदा, एकदाच, त्या रस्त्यानं बँडच्या मागं लाल कोट घालून जायचं होतं.

खेळायचा झोकात. पण त्याचा खेळ म्हणजे नुसतं देणं. प्यादं दे, घोडा दे, हत्ती दे, आणि समोरच्याच्या राजावर धाड घाल. दिलेलं मोहरं बघून समोरचा बावचळला की तवनाप्पा त्याला फाडून खायचा. नाही बावचळला की तवनाप्पा संपला. आणि गौस बावचळायचा नाही. दिलेला घोडा सरळ सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि विचारायचा, "शुक्रिया, तवन्या. अजून काय आहे घरात?"

दोघं लंगोटीयार. गौसचा उजवा डोळा लहानपणी विटी लागून गेलेला. उरलेल्या डाव्या डोळ्यावर त्यानं दोन पोरींची लग्नं केली, आख्ख्या जिल्ह्यातले बँड नटवले आणि तवनाप्पाला चाळीस वर्षं हरवलं.

मग घरात पडछाया आली.

ती आणली तवनाप्पाच्या सुनेनं, अनुजानं. सासरे हरून आले की भांडी आदळतात, त्याला ती कंटाळली होती. एके दिवशी तिनं त्यांच्या फोनवर ते पडछाया नावाचं बुद्धिबळाचं ॲप घालून दिलं आणि म्हणाली, "मामा, आता ह्याच्याशी भांडा."

ही भानगड काय होती ते नीट समजून घेतलं पाहिजे. बुद्धिबळाची मशीनं आधीपासून होतीच, आणि ती कुणालाही हरवायची. पण ती पटाकडं बघायची. ह्या पटावर सगळ्यात भारी चाल कुठली, एवढंच सांगायची. आणि ती चाल तवनाप्पासारख्यानं खेळली तरी तिच्या पुढच्या दहा चाली कुणाच्या बापाला सापडणार? पडछाया पटाकडं बघत नव्हती. ती समोरच्या माणसाकडं बघायची. ह्या माणसाला कुठली चाल दिसणार नाही, हे ती सांगायची.

तिला कळायचं कसं? तर अड्ड्यावर दोन सालांमागं एक देणगीतला पट आला होता. त्याच्या प्रत्येक घराखाली तारेचं वेटोळं. कुठलं मोहरं कधी उचललं, हात किती वेळ घुटमळला, कुठं ठेवलं, सगळं त्यात जमा व्हायचं आणि ज्याला पाहिजे त्याला घेता यायचं. गौसचे सगळे डाव पडछायेनं गिळले. मग आतल्या आत एक दुसराच गौस तयार केला. त्याला प्रत्येक डाव पुन्हा खेळायला लावायचं. खऱ्या गौसनं जे केलं ते ह्यानं केलं नाही की कान पिळायचा, परत खेळवायचं. असं हजारो वेळा. शेवटी तो आतला गौस खऱ्या गौसनं जिथं दाढी खाजवली तिथं थांबायलासुद्धा शिकला.

आणि मग ती पटाचं चित्र दाखवायची. जिथं त्या माणसाचं ध्यान असतं ती घरं लख्ख. जिथं नसतं तिथं काजळी.

"बघा मामा," अनुजा म्हणाली. "गौसकाका कुठं कच्चे आहेत ते दिसतंय."

काजळी होती ती एकाच कोपऱ्यात. गौसच्या डाव्या हाताला, लांबच्या टोकाला.

तवनाप्पानं जुने महिने काढून बघितले. गेल्या दिवाळीत नखाएवढी होती. संक्रांतीला बोटाएवढी. उन्हाळ्यात तिनं कोपऱ्यातली तीन घरं खाल्ली. गौस पांढऱ्यानं खेळो की काळ्यानं, जागा तीच, त्याच्या डाव्या हाताची. तिथून येणारा मार गौसला उशिरा दिसायचा. कधी दिसायचाच नाही.

श्रावणात एका सकाळी चित्राच्या खाली अक्षरं आली. तवनाप्पानं बोट ठेवून ठेवून वाचली. 'ही जागा खेळण्याच्या सवयीतून आलेली वाटत नाही. दोन्ही बाजूंनी खेळताना ती एकाच हाताला आहे आणि वाढते आहे. या खेळाडूने डोळे तपासून घ्यावेत.' खाली एक बटण होतं. 'ठीक आहे.'

त्यानं परत वाचलं. अडाणी होता, पण खुळा नव्हता. जन्मभर इंजिनाच्या आवाजावरून बेअरिंग गेलेलं ओळखणारा माणूस. त्याला कळलं.

आणि कळल्याबरोबर दुसरंही कळलं. गौसला आज सांगितलं तर गौस उद्यापासून मान वळवून त्या कोपऱ्यात बघेल. स्पर्धा महिन्यावर आलेली. समोरच्याची उघडी बाजू त्याला सांगायची नसते, अड्ड्याचा कायदाच होता तो. डाव संपल्यावर सांगायची. फायनल झाली की सांगू. महिन्यानं काय बिघडतंय?

त्यानं 'ठीक आहे' दाबलं. अक्षरं गेली. परत कधी आली नाहीत. मशीन काही बायकोसारखं टोचत बसत नाही.

संध्याकाळी जेवायला वाढताना अनुजानं विचारलं, "मामा, सकाळी फोन चार्जिंगवरून काढताना ते डोळ्यांचं आलेलं मीही वाचलं. काकांना सांगितलंत ना?"

"सांगितलं की."

"मग? काय म्हणाले?"

"हसला. भात वाढ."

फायनल दोघांचीच झाली. खोली गच्च. ढोल बाहेर काढून ठेवायला लागले. तवनाप्पाला पांढरे आले. सुरुवातीलाच त्यानं आपला पांढऱ्या घरांतला उंट मागं घेत घेत कोपऱ्यात नेऊन कोंबला. बघणारे एकमेकांकडं बघायला लागले. तवनाप्पा आणि मागं? हा तर सगळं पुढं फेकणारा माणूस. उंटाच्या तिरक्या वाटेवर त्यानं आपलाच घोडा आडवा उभा केला, म्हणजे उंट आहे ह्याची आठवणसुद्धा कुणाला राहू नये.

गौसनं राजा पलीकडच्या बाजूला किल्ल्यात नेला. त्याच तिरक्या वाटेच्या शेवटाला. आतल्या गौसनं घरी प्रत्येक वेळी हेच केलं होतं.

मग तवनाप्पानं घोडा दिला. उडवला आणि सरळ गौसच्या वजिराच्या तोंडात नेऊन बसवला.

"आला," गौस हसला. "मला वाटलं आज उपास आहे तुझा." घोडा खिशात गेला. "अजून काय आहे घरात?"

घोडा गेला आणि कोपऱ्यातून राजापर्यंतची वाट उघडी झाली. तवनाप्पानं हत्ती उचलला, राजाच्या अंगणातलं प्यादं मारलं आणि राजाला खेटून ठेवला. "शह."

मागं उंटाचा जोर होता. हत्तीला हात लावायची सोय नव्हती. खोलीत पहिलीदुसरीतल्या पोरालाही दिसलं असतं. गौस वाकून बघत होता. तवनाप्पाची नजर त्याच्या डोळ्यावर. तो डोळा राजाकडं गेला, हत्तीकडं गेला, पटाच्या मधोमध आला. आणि थांबला. जणू पट तिथंच संपत होता.

"हत्तीपण दिलास? तवन्या, लेका, तुझं डोकं फिरलं." आणि गौसनं राजानं हत्ती मारला.

सदा मास्तर पुढं झाला. "गौसभाई... उंट आहे."

"कुठाय?"

"कोपऱ्यात."

गौसनं मान वळवली. पुरती वळवली तेव्हा त्याला तो दिसला. खूप वेळ तो उंटाकडं बघत राहिला. अड्ड्यावर चुकीची चाल म्हणजे डाव गेला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "म्हातारा झाला गौसभाई! राजाच नेऊन दिला!" मग सगळेच हसले. गौसही हसला, पण तोंडानं. खिशातला घोडा काढून त्यानं पटावर ठेवला. "घे. जिंकलास."

चाळीस वर्षं ज्या वाक्यासाठी तवनाप्पानं सोंगट्या आपटल्या ते वाक्य आलं, आणि त्याला डब्यात एक सोंगटी धड टाकता येईना.

दुसऱ्या दिवशी माप द्यायला गेला. आज सांगायचंच, असं रस्ताभर घोकत गेला. गौसनं टेप त्याच्या पोटाभोवती फिरवली.

"हे काय रे? एवढं पोट कुणाच्या नावावर?"

"पेन्शन हाय ती."

"हात वर कर. ...तवन्या, तो उंट मला दिसला कसा नाही रे?"

हीच ती वेळ. टेप गळ्यात, गौस कानाशी, दुकानात तिसरं कुणी नाही. तवनाप्पाच्या जिभेवर आलं होतं. पण आत्ता सांगितलं तर कोटाचं काय? डोळा अधू म्हणून हरला, असं सगळा अड्डा म्हणेल. आंधळ्याला हरवलं म्हणतील. बँड कुणासाठी वाजेल?

"होतं असं कधीकधी," तवनाप्पा म्हणाला. "खेळच आहे."

"होय, खेळच आहे," गौस म्हणाला आणि छातीचं माप घेतलं.

रविवारी बँड उभा राहिला. गौसनं कोट आणला. लालभडक, झालर अशी की डोळे दिपावेत. सगळ्यांसमोर त्याच्या अंगात घातला आणि बटणं लावायला लागला. खालची लागली. वर वर जाताना काजं सरकत गेलेली. सगळ्यात वरचं काज बटणापेक्षा बोटभर खाली पडलं होतं. कोटाची डावी बाजू चढली आणि कॉलर तवनाप्पाच्या हनुवटीखाली ताठ उभी राहिली. गौस बोटांनी चाचपत राहिला. कोट शिवताना त्याच्याकडून असं आयुष्यात झालं नव्हतं.

"मशीन बिघडलंय वाटतं," तो पुटपुटला. "नीट करून देतो नंतर."

"असू दे," तवनाप्पा म्हणाला.

बँड वाजला. पोरं नाचली. गौस त्याच्या बाजूनं चालत होता. मिरवणूक मार्केटच्या वळणावर आली आणि डावीकडून एक विजेची रिक्षा आली. ह्या नव्या रिक्षांना आवाज नसतो, आणि असता तरी बँडपुढं कुणी ऐकला असता? सगळे बाजूला झाले. गौस झाला नाही. तो सरळ तिच्यात गेला.

मनगट मोडलं. बाकी जिवावरचं टळलं. लाल कोट घालूनच तवनाप्पानं त्याला उचललं, रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं प्लास्टर घालायच्या आधीच विचारलं, "रिक्षा दिसली नाही तुम्हाला?" आणि डोळे तपासायला पाठवलं.

डोळ्यांची डॉक्टरीण तरणी होती. तिनं गौसला एका पांढऱ्या गोल यंत्रासमोर बसवलं, दिवा चमकला की बटण दाबा म्हणाली. मग कागद काढला. कागदावर वर डाव्या बाजूला काळा डाग होता. तवनाप्पानं तो बघितला. तीच काजळी. आकारसुद्धा तोच.

"काचबिंदू आहे," ती म्हणाली. "डोळ्यात पाण्याचा दाब वाढतो आणि मागची नस थोडी थोडी मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. कडेचं दिसेनासं होतं, पण मेंदू ती जागा आपल्या मनानं भरून काढतो, म्हणून माणसाला कळत नाही. मेलेली नस परत येत नाही. उरलेली वाचवायची."

"वाचेल ना?" जैनबभाभीनं विचारलं. गौसची बायको. रडून रडून डोळे सुजलेले. तवनाप्पाकडं वळून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही होता म्हणून आलो इथवर. अल्ला तुमचं भलं करो."

तवनाप्पा कॉलरच्या आत मान दडवायला बघत होता. जागा नव्हती.

"वेग कळायला पाहिजे," डॉक्टरीण म्हणाली. "हळू पसरत असेल तर थेंबांवर भागेल. जोरात पसरत असेल तर लगेच ऑपरेशन. पण ह्यांना डोळा एकच. ऑपरेशन उगीच करून धोका घेणार नाही मी. आधीची काही तपासणी आहे?"

"नाही," गौस म्हणाला. "कधी गरजच पडली नाही."

"मग थेंब सुरू करू. तीनचार महिन्यांनी परत डाग मोजू. तेव्हा कळेल."

तवनाप्पा बाहेर व्हरांड्यात गेला. थंड पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला. फोन खिशात होता. त्याच्यात गौसचा डोळा होता, दिवाळीपासूनचा, महिन्या-महिन्यानं. फक्त द्यायचा. आणि दिला की श्रावणातली ती अक्षरंही त्याच्यातच होती, आणि त्यावर कुणी बोट ठेवलं तेही. न देताही भागेल कदाचित. थेंब आहेतच. डॉक्टर आहेच. कुणाला कळणार नाही. त्यानं ग्लास भरला आणि तसाच ठेवला. ह्याआधीही त्यानं असंच महिनाभर थांबायचं ठरवलं होतं.

आत आला. फोन टेबलावर ठेवला. "बाई, हे बघा. बुद्धिबळाचं आहे. पण डोळाच आहे हा."

डॉक्टरिणीनं आधी भुवया वर केल्या. मग खुर्ची ओढून बसली. एकेक महिना सरकवत गेली, शेजारी तो कागद धरून. "ही तपासणी नाही," ती स्वतःशीच म्हणाली, "पण... हे फार जोरात पसरतंय. थांबून चालणार नाही." आणखी सरकवलं. मग तिनं ती अक्षरं मोठ्यानं वाचली. शेवटपर्यंत. "हे कुणी बंद केलं?"

"मी."

गौसनं मान वळवली, पुरती, तवनाप्पा दिसेपर्यंत.

"कधी?"

"श्रावणात."

"म्हणजे फायनलच्या आधी."

"आधी."

"माप घेतलं तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"उंट तिथं म्हणून ठेवलास."

"होय."

जैनबभाभी काही बोलायला गेली. गौसनं धड हातानं तिला थांबवलं. मग डॉक्टरिणीला म्हणाला, "बाई, ऑपरेशन कधी करायचं?"

तवनाप्पाशी त्यानंतर तो बोलला नाही. ऑपरेशन झालं, तेव्हा तवनाप्पा रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचा आणि डबा शिपायाकडं द्यायचा. डबा तसाच भरलेला परत यायचा. अनुजाला सगळं कळलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, माझ्याशी तर खोटं बोलायला नको होतं." त्या दिवसापासून ती पानावर गुमान वाढायची. ते ओरडण्यापेक्षा जड होतं. अड्ड्यावरही लोक गप्प. बघणाऱ्यानं बोलायचं नाही, हा कायदा आता सगळे त्याच्यावर चालवत होते. कोट पेटीत तळाला गेला.

दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी, गौस अड्ड्यावर आला. काळा चष्मा, एक हात भिंतीला. डोळ्याचं उरलेलं वाचलं होतं. गेलेलं गेलं होतं. काजं करायची आता सोडून दिली होती, सरळ शिवण तेवढी मारायचा. सदा मास्तरनं खुर्ची दिली. गौस बसला आणि चाचपून पट पुढं ओढला.

"तवन्या आहे का?"

"आहे," तवनाप्पा दारापाशी उभा होता.

"कोट कुठाय?"

"घरी. पेटीत."

"घालून ये."

"गौस..."

"घालून ये म्हटलं."

ऑक्टोबरचं ऊन. तवनाप्पा घरी गेला, कोट घातला आणि बाजारातून चालत आला. बँड नव्हता. लोक दुकानातून वाकून बघत होते. अड्ड्यावर आला तेव्हा पाठ भिजली होती.

"बटणं लाव. सगळी."

"वरचं बसत नाही गौस."

"मी शिवलंय ते. बसव."

तवनाप्पानं ओढून ताणून वरचं बटण काजात घातलं. कॉलर हनुवटीला टेकली.

"रोज असंच यायचं," गौस म्हणाला. "मला सगळं धुरकट दिसतं. पण लाल दिसतं. तू कुठं बसलायस ते मला कळलं पाहिजे. आणि चाल बोलून दाखवायची. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल अशी." मग सदा मास्तरकडं न बघता, "ह्याच्या बोलण्याचा चहा माझ्यावर."

खेळ सुरू झाला. तवनाप्पा घोगऱ्या आवाजात एकेक चाल सांगायचा. "प्यादं दोन घरं." "घोडा बाहेर." गौस मान डोलवायचा, हात लावून खात्री करायचा, खेळायचा. काही चालींनंतर अशी वेळ आली की उंटाला मागं घेण्यावाचून इलाज नव्हता. जागा एकच उरली होती. तवनाप्पानं उंट उचलला. हात तसाच हवेत राहिला.

"काय झालं?" गौसनं विचारलं.

"उंट... कोपऱ्यात."

"मोठ्यानं."

"उंट कोपऱ्यात!"

भिंतीवरचे ढोल घुमले. गौसनं मान डावीकडं वळवली, पुरती वळवली. उंटाकडं बघितलं. मग तसंच, तेवढंच सावकाश, तवनाप्पाकडं बघितलं आणि बघत राहिला. तवनाप्पाला मान खाली घालायची होती. कॉलर घालू देईना.